दाजींच्या मसिरा टिप्स

माझ्या नणंदेचे यजमान, आमचे दाजी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रवासाचे व्हिडिओ करतात. मराठीतून, आपल्या वयाच्या माणसांसाठी. कुठल्या हॉटेलात जिने चढावे लागत नाहीत, गोळ्या-औषधं सामानात कशी ठेवावीत, शाकाहारी जेवण कुठे मिळतं. याला माझी काहीच हरकत नव्हती. उलट सुरुवातीला मीच ते ओळखीपाळखीच्या लोकांना पाठवायचे. आता मात्र त्या व्हिडिओंच्या सुरुवातीची सनई कानावर पडली तरी माझं डोकं फिरतं. का फिरतं ते एकदा सविस्तर सांगायचं आहे, कारण आमच्या घरात या विषयावर 'जाऊ दे ना आता' म्हणणारेच फार आहेत आणि मला ते जाऊ द्यायचं नाही.

आम्ही मस्कतमध्ये अल् खुवैरला राहतो. मी सिव्हिल इंजिनिअर. रस्त्यावर साचणारं पावसाचं पाणी कुठून कसं काढून द्यायचं, हे माझं काम. नवरा एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, मुलगी दहावीत. इथे येऊन इतकी वर्षं झाली की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे प्रश्न मला पाठ झालेत. तुला बुरखा घालावा लागत नाही का? एकटी गाडी चालवतेस, चालतं त्यांना? यातला 'त्यांना' कसा म्हटला जातो त्यावरून पाहुणा कुठल्या जातीचा आहे ते मला ओळखू येतं. मी हसून उत्तरं द्यायचे. मागच्या हिवाळ्यापर्यंत.

मागच्या हिवाळ्यात ताई आणि दाजी आमच्याकडे आले. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाई दिवसभर कामावर असायच्या, त्यामुळे माझ्या नवऱ्याला खऱ्या अर्थाने वाढवलं ते ताईंनी. त्याच्या लेखी ताईंचा शब्द म्हणजे आईचा शब्द, आणि ताई दाजींच्या शब्दाबाहेर नाहीत. म्हणजे आमच्या घरी दाजी आले की काय होतं ते सांगायला नको. मस्कतच्या विमानतळावर 'जयभीम, जयभीम' करत दोघं बाहेर आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, हेही सांगायला हवं. सासरच्या माणसांत मला ताईंइतकं जवळचं कोणी नाही.

त्याच्या आदल्या वर्षी दोघं एका टूरबरोबर ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर जाऊन आले होते. पहिल्या रात्रीच्या जेवणापासून दाजींच्या तोंडी तेच बेट. तिथल्या चर्चमध्ये जाताना खांदे झाकावे लागतात, म्हणून त्यांनी ताईंसाठी खास एक शाल पर्समध्ये ठेवली होती. दुपारी तिथले लोक झोपतात, तेव्हा गल्ल्यांमधून मोठ्याने बोलायचं नाही. पांढऱ्या घरांच्या निळ्या दारांसमोर फोटो काढण्याचा मोह होतो, पण कोणाच्या पायरीवर बसायचं नाही, कारण ती माणसांची राहती घरं आहेत. हे शेवटचं वाक्य ते फार सुंदर म्हणाले. ती माणसांची राहती घरं आहेत. मी वाढता वाढता थांबून ऐकलं. मनात म्हटलं, अशा माणसाला मसिराला न्यायला काय हरकत आहे?

मसिरा हे ओमानच्या पूर्व किनाऱ्यापलीकडचं बेट. वारा, खडकाळ डोंगर, मासेमारी करणारी माणसं, आणि उन्हाळ्यात अंडी घालायला येणारी समुद्री कासवं. माझ्या ऑफिसातली एक ओमानी सहकारी तिथली. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण एकाच टेबलावर डबा खाता खाता आमची मैत्री झाली. तिच्या आईच्या घरी मी आधी दोनदा जाऊन आले होते. पहिल्या वेळी मला बाहेरच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. खजूर, कॉफी, हलवा, सगळं रीतसर. दुसऱ्या वेळी आईंनी माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं, जिथे फक्त घरच्या बायका बसतात. त्या दोन भेटींच्या मध्ये दीड-दोन वर्षं गेली होती. मला त्या हात धरण्याची किंमत कळत होती, म्हणून सहकारीने 'तुझ्या पाहुण्यांनाही घेऊन ये' म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं नाही. चार दिवसांनी म्हटलं.

मस्कतहून निघालं की मसिराला गाड्यांसकट नेणारी फेरी-बोट जिथून सुटते त्या धक्क्यापर्यंत जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. त्या वाटेवर मी ताई-दाजींना सगळं समजावून सांगितलं. दारात चपला काढायच्या. उजव्या हाताने घ्यायचं, उजव्या हाताने द्यायचं. कॉफी कमीत कमी एक कप घ्यायचीच, आणि नको झाली की रिकामा कप हातात जरासा हलवून परत द्यायचा. पुरुषांना त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल विचारायचं नाही; घरचे सगळे कसे आहेत, एवढं पुरे. आणि बायकांचे फोटो काढायचे नाहीत. विचारूनही नाही, कारण पाहुण्याने विचारलं की त्यांना नाही म्हणणं जड जातं. दाजी मागच्या सीटवरून फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करत होते. म्हणाले, फार उपयोगाची माहिती आहे, व्हिडिओत घालतो. मला बरंच वाटलं.

फेरीवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. काचा खाली करून बायका, पोरं, म्हाताऱ्या बसल्या होत्या. दाजी उतरले आणि फोन हातात धरून गाड्यांच्या मधून फिरू लागले. मी मागोमाग गेले, हळूच सांगितलं की दाजी, गाड्यांमध्ये बायका आहेत. ते म्हणाले, मी समुद्र घेतोय. समुद्र दुसऱ्या बाजूला होता.

बेटावर पोचलो तेव्हा वाऱ्याने गाडीचं दार हातातून सुटत होतं. रस्त्यावर शेळ्या आरामात बसल्या होत्या. सहकारी आणि तिचा भाऊ दारात उभे होते. भावाने पुरुषांना मजलिसमध्ये नेलं, आम्हा तिघींना, म्हणजे ताई, मी आणि माझी मुलगी, सहकारी आत घेऊन गेली.

मजलिसमध्ये काय झालं ते मला नवऱ्याने नंतर सांगितलं, तेही हसत हसत, आणि त्याच्या हसण्याचाही मला राग आहे. दाजी बूट घालूनच गालिच्यावर गेले. पायाला गार लागतं म्हणाले.  नंतर खजूर खाता खाता दाजींनी त्याला हिंदीत विचारलं, तुमच्यात चार करता येतात ना, तुम्हाला किती? तो मुलगा तिशीचा, त्याला हिंदी नीट कळतं. तो म्हणाला, माझं अजून लग्न झालेलं नाही, आणि त्याने कॉफीचं भांडं उचललं. ग्रीसमध्ये एखाद्या घरमालकाला दाजींनी पहिल्या भेटीत त्याच्या बायकोबद्दल असं विचारलं असतं का? मी नवऱ्याला हा प्रश्न केला. तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतेस.

आत मात्र त्या दिवशी फार छान वेळ गेला. सहकारीच्या आईंचं वय साठीच्या पुढचं असावं. त्या बाहेर वावरताना तिथल्या जुन्या पद्धतीचा बुरखा लावतात. आपल्याकडे बुरखा म्हणतात तो पूर्ण झगा नव्हे. हा चेहऱ्यापुरता, ताठ कापडाचा, मधोमध नाकावर उभा कणा असलेला. आत आल्यावर, फक्त आम्ही बायकाच आहोत असं बघून त्यांनी तो सोडला आणि उशीजवळ ठेवला. डोक्यावरची ओढणीही मागे सरकवली. कपाळावर आणि गालांवर त्या कापडाच्या निळीचा फिकट डाग होता, आणि डागाखाली अगदी गोरी, मऊ, उन्हाने न रापलेली कातडी. मेंदीने लाल झालेले केस. मी दुसऱ्यांदा तो चेहरा बघत होते, ताई पहिल्यांदा. ताईंना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या गुडघ्याकडे बोट केलं. आईंनीही आपल्या गुडघ्याकडे बोट केलं. मग दोघींनी मोडक्या हिंदीत गुडघ्यांवर इतक्या गप्पा मारल्या की सहकारीला भाषांतर करायला जागाच उरली नाही. सुरमई आणि भाताचं मोठं ताट मध्ये आलं. ताईंनी फोन काढला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, भाताचा घेते गं, रंग बघ किती सुरेख आलाय. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेटाला चक्कर मारली. कासवांचा हंगाम उन्हाळ्यात असतो हे आधी सांगूनही दाजी कासव दिसलं नाही म्हणून नाराज होते. मग आम्ही परतलो, आठवड्याभरात ते दोघं पुण्याला गेले. जाताना ताईंनी सहकारीच्या आईंसाठी एक पैठणीच्या काठाची ओढणी माझ्याकडे ठेवली.

ती ओढणी सहकारीच्या हाती द्यायच्या आधीच व्हिडिओ आला.

माझ्या मुलीने तो दाखवला. तिचं मराठी बेताचं आहे, पण दाजींचे व्हिडिओ ती बघते, त्यांच्या बोलण्याची नक्कल करायला तिला आवडतं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि नक्कल न करता म्हणाली, "मम्मा, हे बघ. यात त्या आंटी आहेत."

व्हिडिओचं नाव होतं ओमानमधलं गुप्त बेट, जाण्यापूर्वी हे माहीत हवंच. माझ्याच गाडीतल्या बोलण्यातली एकेक गोष्ट दाजी आपल्या आवाजात सांगत होते. चपला, उजवा हात, कॉफीचा कप. आणि मग त्यांचा आवाज म्हणाला, सर्वात महत्त्वाची टीप, इथल्या महिलांचे फोटो अजिबात काढू नका, त्यांच्या संस्कृतीचा आदर ठेवा. हे वाक्य चालू असताना पडद्यावर सहकारीच्या आई होत्या. बुरखा उशीजवळ, ओढणी खांद्यावर, हसताहेत, हात गुडघ्यावर. कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ गेलेला.

मी तो भाग परत लावला, कारण मला खरंच वाटलं की माझ्या बघण्यात चूक झाली असेल. मग गॅस बंद केला आणि दाजींना फोन लावला.

मी शांतपणे बोलले. मी सांगितलं की त्या बाई परपुरुषांसमोर चेहरा उघडा ठेवत नाहीत, आम्ही बायकाच होतो म्हणून त्यांनी बुरखा सोडला होता, तेव्हा तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाका. दाजी म्हणाले, अगं, क्षणभर तर दिसतात त्या, आणि किती गोड दिसतात. लोकांनी खाली लिहिलंय, किती प्रेमळ आजी. मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ते म्हणाले, उलट चांगलंच की, लोकांचे गैरसमज दूर होतील, आतून त्या आपल्यासारख्याच असतात हे कळेल. मी विचारलं, तुम्ही तोंडाने फोटो काढू नका सांगता आणि पडद्यावर त्यांचाच चेहरा दाखवता, हे तुम्हाला दिसत नाही का? ते म्हणाले, ते उदाहरण म्हणून आहे.

उदाहरण म्हणून. मी फोन ठेवला कारण पुढे तोंडात जे येत होतं ते नवऱ्याच्या बहिणीच्या नवऱ्याला बोलता येत नाही.

नवरा घरी आल्यावर मी त्याला सगळं दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. पण मग तो म्हणाला, दाजींशी सांभाळून बोलायला हवं, त्यांना एकदम सांगितलं की ते हट्टाला पेटतात, दोन दिवस जाऊ दे, मी ताईशी बोलतो. दोन दिवस गेले. तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सहकारी माझ्या टेबलापाशी आली. खुर्ची ओढून बसली नाही, उभीच राहिली. तिने फोन माझ्यासमोर ठेवला. तोच भाग होता, पण आता आवाज नव्हता. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवला होता. त्यावर बेटाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून तो फिरत फिरत तिच्या मावसभावाकडे आला होता.

"भावाला कळलंय," ती म्हणाली. "आईला अजून नाही."

मी सॉरी म्हटलं. तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलंय म्हटलं. इथे कायदा कडक आहे, कोणाचा असा फोटो परवानगीशिवाय पसरवणं हा गुन्हा आहे, तू तक्रार कर, मी साक्ष देते, असंही म्हटलं. तिने ऐकून घेतलं.

"तक्रार केली तर ते अजून चार जणांना बघावं लागेल," ती म्हणाली. "तू तिथे होतीस. म्हणून आई निवांत होती."

ती फोन उचलून गेली. त्या दुपारी तिने डबा तिच्या टेबलावर खाल्ला. मला तिचा राग आला नाही, येण्यासारखं काही नव्हतंच. राग आला तो मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं याचा, पुण्यातल्या सोफ्यावर बसलेल्या एका माणसाच्या हौसेपायी.

त्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल केला. नवऱ्याला बाजूला बसवलं आणि सांगितलं, तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण उठू नकोस. पलीकडे दाजी होते, मागे ताई भाजी निवडत होत्या.

मी विचारलं, "दाजी, ग्रीसमध्ये एखाद्या घरात शिरून तिथल्या म्हातारीचा न्हाणीतला फोटो काढला असतात का तुम्ही?"

ते म्हणाले, काहीतरीच काय बोलतेस.

मी म्हटलं, त्या बाईंच्या दृष्टीने हे तेच आहे. तिथे तर तुम्ही कोणाच्या पायरीवरसुद्धा बसला नाहीत. तिथे तुम्ही शाल नेलीत. इथे गालिच्यावर बूट घालून गेलात.

"तिथलं वेगळं," दाजी म्हणाले.

"काय वेगळं?"

 ते म्हणाले, "ती माणसं शिस्तीची आहेत. तिथे नियम असतात."

माझ्या डोक्यात जे काही इतके दिवस आवरून धरलं होतं ते तिथे सुटलं. मी आवाज चढवला नाही, पण मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती. मी मराठवाड्यातल्या एका गावात, गावाबाहेरच्या वस्तीत वाढले. मी शाळेत असताना शहरातून एक शिबिर आलं होतं. चांगली शिकलेली, चांगल्या मनाची म्हणवणारी माणसं. त्यांना आमचं जीवन बघायचं होतं. गावातल्या वाड्यांमध्ये ती दारात उभी राहून हाक मारायची, आत या म्हटल्यावरच आत जायची. आमच्या वस्तीत ती सरळ आत यायची. माझी आई घरामागे साडीचा आडोसा करून न्हात होती, तिचे केस ओले होते, आणि त्यातल्या एकाने आडोशाच्या वरून तिचा फोटो काढला. पुढे तो एका स्मरणिकेत छापून आला. खाली लिहिलं होतं, वस्तीतील जीवन. आईने ते पान चुलीत घातलं, पण गावात ज्यांच्या घरी ती स्मरणिका गेली होती त्यांच्या घरातलं पान तिला कुठे जाळता येणार होतं? नंतर कित्येक वर्षं ती पहाटे अंधारात न्हायची.

"तुम्हीही अशाच वस्तीत वाढलात, दाजी," मी म्हटलं. "कोणाच्या दारात थांबायचं आणि कोणाच्या घरात सरळ घुसायचं, हे लोक कशावरून ठरवतात ते तुम्हाला कोणी शिकवायला नको."

 ताईंचे हात भाजीत तसेच थांबले होते. मग दाजी म्हणाले, "हे सगळं आता काढायची काय गरज होती?" आणि कॉल बंद झाला.

 नवऱ्याने विचारलं, तू मला हे कधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, आज त्याबद्दल नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. त्या गच्चीवर गेल्या असाव्यात, मागे वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणाल्या, काढून टाकला व्हिडिओ. मी कसा म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. दाजींना स्वतःचा चेहरा नीट दिसेल असा फोन स्वतः धरता येत नाही, हात कापतो. इतकी वर्षं फोन ताईच धरतात, चालता चालता, उन्हात, गुडघे दुखत असतानाही. ताईंनी सकाळी चहा देताना सांगितलं की यापुढे मी धरणार नाही. दाजी आधी हसले, मग चिडले, मग दुपारी त्यांनी तो व्हिडिओ काढून टाकला.

"ते शूटिंग मीच केलं होतं गं," ताई म्हणाल्या. "ते म्हणाले होते, आतलं काहीतरी घे. मला वाटलं, घरात बघायला. पण मला तिथेच कळायला हवं होतं. त्यांनी माझ्यासमोर तो मुखवटा सोडला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं."

 त्यांच्यावरही माझा राग होता, पण त्यांनी जे केलं ते माझ्या नवऱ्याला जमलं नव्हतं.

व्हिडिओ निघाला, तुकडा निघाला नाही. तो कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नसणार. दाजींनी माफी मागितली का? त्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला की काही तांत्रिक कारणामुळे मसिराचा व्हिडिओ उपलब्ध नाही. त्याखाली तीन जणांनी नमस्काराचे हात टाकले. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

महिनाभराने सहकारी म्हणाली, आईला कळलंय, कोणा शेजारणीने दाखवलं. मी म्हटलं, मला येऊन भेटायचं आहे, तुझी हरकत नसेल तर. तिने विचार करून सांगितलं, ये. आम्ही दोघीच तिच्या गाडीने गेलो. त्या लांबच्या वाटेवर ती आपल्या लहानपणाबद्दल, तिच्या वडिलांच्या बोटीबद्दल बोलत राहिली, बाकी कशाबद्दल नाही.

आईंनी मला दारातून मजलिसमध्ये नेलं. बुरखा लावलेला होता. खजूर आले, कॉफी आली, हलवा आला. काहीही कमी नव्हतं. मी पाठ करून आणलेली अरबी वाक्यं म्हणाले. चूक आमच्या घरातल्या माणसाची आहे, मला फार लाज वाटते, तुम्ही मला घरात घेतलंत त्याचं हे फळ मिळालं. वाक्यं चुकली असतील, सहकारीने एका ठिकाणी सुधारलं. आई ऐकत होत्या. बुरख्याच्या फटीतून नुसते डोळे दिसत होते आणि त्यांवरून मला काहीच समजत नव्हतं.

मग त्यांनी हिंदीत विचारलं, "कितने लोगों ने देखा?"

मला खोटं सांगता आलं असतं. थोड्याच लोकांनी, सगळे दूरचे, मराठी माणसं, तुम्हाला ओळखणारं कोणी नाही. मी म्हटलं, "मालूम नहीं, अम्मा."

त्यांनी मान हलवली. माझ्या बशीत अजून दोन खजूर ठेवले. थोड्या वेळाने नमाजाची वेळ झाली तशा त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि पडदा मागे नीट ओढून घेतला. मी बाहेरच बसून राहिले. निघताना त्या दारापर्यंत आल्या, माझा हात हातात घेतला, इन्शाल्ला परत ये म्हणाल्या. मी परत जाईनही, आणि त्या मला परत कॉफी देतील, हे मला माहीत आहे. पैठणीच्या काठाची ओढणी मी बरोबर नेली होती. ती पिशवीतून बाहेर काढायचं धैर्य झालं नाही.

'झालं गेलं विसर' असं मला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते की विसरायचं कोणी? त्या बाईंनी? त्यांना बाजारात जाताना समोरून येणाऱ्या माणसाने आपला चेहरा बघितला आहे की नाही हे ठाऊक नसतं.  ऑफिसात आम्ही पुन्हा एकत्र डबा खातो. सहकारीचं लग्न ठरलं, मला मस्कतच्या हॉलमधल्या समारंभाचं आमंत्रण आलं. बेटावर घरच्या बायकांची मेंदी झाली, त्याचं आलं नाही. मी हॉलमध्ये जाऊन आले, चांगली साडी नेसून, आणि तिला मनापासून आशीर्वाद दिला.

पावसाळा संपता संपता पुण्याहून निरोप आला की दाजींना या हिवाळ्यात परत ओमानला यायचं आहे. डोंगर राहिले आहेत, वाळवंटातले तंबू राहिले आहेत. नवऱ्याने मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, ताई कधीही येऊ देत, हे घर त्यांचं आहे. दाजींनी हॉटेलात राहावं. आणि मी त्यांना कोणाच्याही दारात नेणार नाही.

मला वाटलं तो नेहमीसारखं म्हणेल की सांभाळून घे.  त्याने फोन उचलला. मग बाल्कनीत गेला, काच सरकवून घेतली. काचेतून मला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. तो म्हणाला, "दाजी, तुमच्याशी जरा स्पष्टच बोलायचं आहे."

आत आल्यावर काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ताईंचं तिकीट आलं. एकटीचं.